घडीची किटली: प्रवासातला नाश्ता सांभाळते, पण पारखून घ्या

प्रवासात दुपारचं जेवण सहसा बिघडत नाही. कोल्हापूर असो की नांदेड, बाराच्या सुमारास गावात खाणावळ उघडी सापडते आणि भाकरी, आमटी, पालेभाजी ताटात येते. बिघडतात ती दोन खाणी: पहाटेची गाडी पकडायची असते तेव्हाचा नाश्ता आणि रात्री दहानंतर मुक्कामी पोचल्यावरचं जेवण. त्या वेळी हाताशी असतं ते तळलेलं, नाहीतर बिस्किटांचा पुडा. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असलेल्या माणसाच्या वजनात आणि रक्तातल्या साखरेत या दोन वेळांचाच हिशेब दिसतो. ही वेळ भरून काढायला म्हणून घडीची सिलिकॉनची किटली सध्या खूप विकली जाते. ती त्या कामाची आहे का, आणि कुणाच्या, ते इथे सांगतो. कुठल्या एका कंपनीची बाजू घ्यायची नाही, कारण बाजारातल्या बहुतेक किटल्यांची रचना एकच आहे, फक्त नाव आणि रंग बदलतात.

नेहमी मिळते ती किटली ६०० मिलिलिटरची आणि ६०० वॅटची असते. बूड स्टीलचं, त्यावर सिलिकॉनची अ‍ॅकॉर्डियनसारखी भिंत, वर प्लास्टिकचं कडं आणि झाकण. दाबली की उंची निम्म्याहून कमी होते. किंमत साधारण हजार ते दोन हजार रुपये. आठशेच्या खालच्या किटल्यांच्या बाबतीत सावध राहा, कारण तिथे पैसे वाचवलेले असतात ते वायरच्या जाडीत आणि बुडाच्या पत्र्यात. वस्तूवर आयएसआय खूण आहे का ते खोक्यावर नाही, किटलीच्या बुडावर बघा. स्टील ३०४ प्रतीचं, म्हणजे खाण्याच्या भांड्यांना वापरतात ते न गंजणारं, असावं.

वीज किती लागते हा पहिला व्यावहारिक प्रश्न. ६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सुमारे अडीच अँपिअर, म्हणून लॉजमधल्या पलंगाशेजारच्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर ती बिनघोर चालते. घरची १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. जुन्या लॉजच्या ढिल्या प्लगमध्ये ती लावली की पिना तापतात आणि प्लास्टिकचा वास सुटतो. प्रवासाला कमी वॅटचीच किटली हवी. तिला वेळ जास्त लागतो एवढंच: अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला गणिताने साडेचार मिनिटं, प्रत्यक्षात साडेपाच ते सहा.

आता तिचा सांधा बघू, कारण या वस्तूचं आयुष्य तिथेच ठरतं. स्टीलच्या बुडाला सिलिकॉनची भिंत एका कड्याने आवळलेली असते. आतून बोट फिरवलं तर तिथे एक बारीक खाच लागते. स्वच्छ पाणीच उकळलं तर या खाचेला काही होत नाही. दूध, डाळीचं पाणी किंवा नूडल्सचा मसाला आत गेला की तो खाचेत बसतो, पुढच्या वेळी तापून करपतो, आणि महिनाभरात तिथे तपकिरी रेघ दिसू लागते. ती घासायला टोकदार वस्तू वापरली की सिलिकॉनला चीर पडते आणि गळती सुरू होते. ही गळती थेंबाथेंबाने विजेच्या भागाकडे जाते, म्हणून एकदा किटली पाझरू लागली की दुरुस्तीच्या भरीस पडू नका, टाकून द्या.

यावरून पहिला नियम निघतो आणि तो मोडणारे फार आहेत: घडीच्या किटलीत फक्त पाणी उकळायचं, शिजवायचं नाही. दूध तर मुळीच नाही. दुधातली प्रथिनं आणि साखर तापलेल्या पत्र्याला चिकटतात, करपतात, आणि फेस वर येऊन झाकणाच्या फटीतून बाहेर पडतो. शिवाय सिलिकॉन वास आणि रंग धरून ठेवतं. हळदीचा मसाला एकदा उकळला की आतली भिंत पिवळी पडते आणि पुढचे चार दिवस चहाला मसाल्याचा वास येतो. नव्या किटलीलाही रबरासारखा वास असतो. तो जायला दोनदा पाणी उकळून फेकावं, तिसऱ्यांदा पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून उकळावं आणि तासभर तसंच ठेवावं. एवढं करूनही वास राहिला तर किटली परत करा.

उघडण्याची एक रीत आहे. कडं दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढायचं, प्रत्येक घडी 'टप्' करून बाहेर येते. एकही घडी अर्धी आत राहिली तर भरलेली किटली ओतताना ती अचानक आत बसते आणि उकळतं पाणी उसळून मनगटावर येतं. या किटलीने हात भाजतो तो बऱ्याचदा असाच. पाणी भरण्याआधी बोटाने भिंतीभोवती एक फेरी मारा. झाकणाला कुलूप नसतं हेही लक्षात असू द्या, पूर्ण आडवी करून ओतू नका. आणि गरम असताना घडी करू नका, सांध्यावर ताण येतो.

मग फक्त उकळत्या पाण्यावर पोट भरतं का? भरतं, त्यासाठी घरून कोरडं साहित्य नीट करून न्यावं लागतं. इथे आपल्या स्वयंपाकघराचा फायदा आहे. मेतकूट, लाह्यांचं पीठ, सातूचं पीठ, नाचणीचं सत्त्व हे सगळं पूर्वीपासून प्रवासाचंच खाणं. दुकानातल्या तयार पाकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं आणि त्यात मीठ किती घालायचं ते आपल्या हातात राहतं.

सगळ्यात उपयोगाचं म्हणजे उपम्याचं कोरडं मिश्रण. एका माणसाला ५० ग्रॅम मध्यम रवा, म्हणजे साधारण अर्धी वाटी. एक चमचा तेलात मोहरी, उडदाची डाळ, भरपूर कढीपत्ता आणि मिरचीचे तुकडे घालून फोडणी करायची. कढीपत्ता आणि मिरची पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबायचं, कारण त्यांच्यात ओल राहिली तर चौथ्या दिवशी मिश्रणाला कुबट वास येतो. मग रवा घालून मंद आचेवर खमंग भाजायचा, पाव चमचा मीठ घालायचं, ताटात पसरून पूर्ण गार करायचं आणि एकेका वेळेच्या पुड्या बांधायच्या. कांदा यात नको. अशा पुड्या दहा-बारा दिवस चांगल्या राहतात. खाताना स्टीलच्या डब्यात पुडी रिकामी करून १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतायचं, एकदा ढवळून झाकण घट्ट लावायचं आणि आठ मिनिटं हात लावायचा नाही.

उपमा कच्चट लागतो अशी तक्रार हमखास येते आणि दोष रव्याला दिला जातो. दोष थंड डब्याचा असतो. पाव किलो वजनाचा स्टीलचा डबा खोलीच्या तापमानाला असेल तर तो ओतलेल्या पाण्यातली बरीच उष्णता स्वतःच खातो, आणि मिश्रण नव्वद अंशांच्या आसपास राहण्याऐवजी ऐंशीला येतं. त्यावर उपाय सोपा आहे. थोडं जास्त पाणी उकळायचं, आधी डबा त्याने विसळून घ्यायचा, ते पाणी फेकायचं आणि मग रवा घालायचा. डब्याभोवती हॉटेलचा टॉवेल गुंडाळला तर आणखी बरं.

नाचणीच्या आंबिलीचंही असंच. २० ग्रॅम भाजलेलं नाचणीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात घातलं की गुठळ्या होतात, म्हणून ते आधी गार पाण्यात कालवायचं. पण गार पाणी ५० मिलिलिटरच घ्या. त्यावर १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतलं की मिश्रण ऐंशी अंशांच्या आसपास राहतं आणि दाट होतं. गार पाणी १०० झालं तर तापमान सत्तरच्या घरात घसरतं, आंबील पातळ राहते आणि पिठाचा कच्चा वास जात नाही. वरून ताक आणि मीठ, किंवा दूध आणि गूळ. मधुमेह असेल तर ताकाचीच करावी.

ओट्स ४० ग्रॅम, पाणी १५०, जाड पानांचे असतील तर दहा मिनिटं. त्यात शेंगदाण्याचं कूट दोन चमचे घातलं तर पोटात टिकतात. नुसत्या ओट्सनी दोन तासांत पुन्हा भूक लागते.

रात्रीच्या जेवणासाठी अर्ध्या लिटरचा तोंड रुंद असलेला थर्मास डबा बरोबर असेल तर किटलीचा खरा फायदा मिळतो. ४० ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम पिवळी मुगाची डाळ धुऊन अर्धा तास भिजवायची. डबा उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवून ओतून टाकायचा. मग भिजलेलं तांदूळ-डाळ त्यात घालून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, मिनिटभराने तेही निथळायचं, म्हणजे दाणे आतून तापतात. शेवटी ३०० मिलिलिटर नुकतंच उकळलेलं पाणी, हळद, मीठ, हिंग घालून झाकण लावायचं. दोन ते अडीच तासांत मऊ खिचडी होते. संध्याकाळी सातला लावून कामाला बाहेर गेलात तर साडेनऊला तयार असते. निथळायची पायरी गाळली तर डाळ कचकचीत राहते.

राजमा मात्र या पद्धतीने कधीही करू नका. त्यात नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळूनच नष्ट होतं. ऐंशी अंशांवर तासन् तास ठेवलेला राजमा शिजल्यासारखा मऊ लागला तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. छोले, वाल, चवळीही यात नीट शिजत नाहीत. मोड आलेली मटकी किंवा मूग न्यायचे तर ते कच्चे खाऊ नयेत, मोड येण्यासाठीची उबदार ओल जंतूंनाही मानवते.

किटलीत फक्त पाणी, या नियमाला अंडी हा एकच अपवाद, कारण त्यांचं काही पाण्यात उतरत नाही, निदान कवच शाबूत असेपर्यंत. दोन-तीन अंडी, वर येईल इतकं गार पाणी, किटली उकळून बंद झाली की पुन्हा एकदा खटका दाबायचा, आणि दुसऱ्यांदा बंद झाल्यावर झाकण न उघडता १२ मिनिटं ठेवायची. फ्रिजमधून काढलेली अंडी लगेच टाकली तर बुडाच्या तापलेल्या पत्र्यावर तडकतात आणि पांढरं त्या खाचेत जातं. अंड्यांचं पाणी चहाला वापरू नका, किटली साबणाने धुऊन घ्या. दोन अंडी, एक उपम्याची पुडी आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे यांतून साधारण २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. रात्री अकराच्या पावभाजीपेक्षा हे जेवण कुठल्याही बाजूने उजवं आहे.

पिण्याचं पाणी हा किटलीचा दुसरा मोठा उपयोग आणि जाहिरातीत तो क्वचितच सांगितला जातो. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं. आपोआप बंद होणारी किटली उकळताक्षणी थांबते, म्हणून खटका पुन्हा दाबून मिनिट भरावं. रात्री एक किटलीभर पाणी उकळून झाकून ठेवलं की सकाळची बाटली तयार. क्षार किंवा फ्लोराईड मात्र उकळून जात नाही. बोअरचं खारट पाणी उकळलं तरी खारटच राहतं.

आणि हेच क्षार किटलीला त्रास देतात. साध्या स्टीलच्या किटलीत वाफ मुठीतल्या एका पट्टीपर्यंत जाते, ती पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. घडीच्या किटलीत भिंतच दुमडायची असल्याने वाफेला तशी वाट ठेवता येत नाही, म्हणून बहुतेकींत बुडाच्या पत्र्याखालचा थर्मोस्टॅट हे काम करतो. पत्र्यावर क्षारांचा पांढरा थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, पत्राच जास्त तापतो, आणि पाणी उकळायच्या आधीच किटली बंद पडते. 'दोन महिन्यांत बिघडली' म्हणून टाकून दिलेल्या कित्येक किटल्या बिघडलेल्या नसतात, क्षार धरलेल्या असतात. अर्धा लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूफूल, घालून उकळावं, अर्धा तास ठेवावं, ओतून दोनदा विसळावं. सोलापूर किंवा मराठवाड्याकडे बोअरच्या पाण्यावर फिरती असेल तर हे पंधरवड्याला करा. पत्रा घासणीने खरवडू नका.

उंचावर याच थर्मोस्टॅटची उलटी अडचण होते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मोस्टॅटला अपेक्षित तापमान येतच नाही, किटली उकळतच राहते आणि पाणी आटत जातं. कोरडी पडल्यावर बंद होण्याची सोय बहुतेक किटल्यांत असते, पण तिच्या भरवशावर राहू नका, उकळी दिसली की (पिण्याचं पाणी असेल तर तीन मिनिटं भरून) हाताने बंद करा. तिथे अंड्यांना पाच-सहा मिनिटं जास्त द्या, उपमा पंधरा मिनिटं झाका, आणि थर्मासमधली खिचडी विसरा. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांवर उकळतं, तिथे काही बदलावं लागत नाही.

रेल्वेच्या डब्यात किटली लावायची नाही. तिथले प्लग मोबाइल आणि लॅपटॉपपुरते असतात, तापणारी उपकरणं लावायला मनाई आहे, कारवाई होते, आणि आगीचा धोका सगळ्या डब्याला असतो. गाडीत खायचं असेल तर निघताना थर्मास उकळत्या पाण्याने भरून घ्या, सहा तासांनीही ओट्स भिजतील इतकं गरम राहतं. नाहीतर दडपे पोहे किंवा ताकातलं लाह्यांचं पीठ, त्यांना विस्तव लागतच नाही. भक्तनिवासात आणि घरगुती मुक्कामात खोलीत किटली चालते का ते आधी विचारा. हॉटेलमध्ये ती धुराच्या सेन्सरखाली ठेवू नका, दाट वाफेनेही सेन्सर वाजू शकतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी बुडाशी ११०/२२० असा खटका असलेली किटली मिळते, आणि अमेरिका किंवा जपानला जायचं तर तीच हवी. भारतातली साधी ६०० वॅटची किटली अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर लावली तर जेमतेम १६० वॅट देते, पाणी उकळायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. उलट चूक महागाची आहे. खटका ११० वर ठेवून घरी येऊन २३० व्होल्टला लावली तर चौपट वीज ओढली जाते आणि पाणी तापवणारी तार जळते. परतल्यावर विमानतळावरच नाण्याने खटका फिरवून ठेवा.

आता मूळ प्रश्न, घडीचीच घ्यावी का. जागा वाचते म्हणून ती महाग विकली जाते, पण हा फायदा दिसतो तेवढा नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या स्टीलच्या किटलीच्या पोटात उपम्याच्या चार पुड्या, शेंगदाण्यांची पिशवी आणि चमचा मावतो, म्हणजे तिची जागाही वाया जात नाही. तिला सांधा नाही, वास धरत नाही, वाफेवर वेळच्या वेळी बंद होते, आणि बऱ्याचदा तीन-चारशे रुपयांनी स्वस्त पडते. महिन्यातून दोनदा-तीनदा बाहेर राहणाऱ्याने स्टीलचीच घ्यावी, माझं मत स्पष्ट आहे. घडीची त्यांच्यासाठी, ज्यांचं सगळं सामान पाठीवरच्या एका पिशवीत असतं आणि वर्षातून चार-पाच सहली होतात. एकाच ठिकाणी आठवडाभर मुक्काम असेल तर मात्र दोन्ही सोडा आणि रुंद तोंडाची, तापमान कमी-जास्त करायचा खटका असलेली सव्वा लिटरची मल्टी किटली न्या. वजन जास्त आहे, पण तिच्यात डाळ, रताळी, भाज्या थेट शिजवता येतात आणि हात घालून धुता येते. फक्त बूड पाण्यात बुडवायचं नाही.

खोलीतल्या हॉटेलच्या किटलीवर भिस्त ठेवू नका. तिच्यात आधीच्या पाहुण्याने काय उकळलं ते कळत नाही. वापरायचीच झाली तर झाकण उघडून वास घ्या, बुडाशी तेलकट तवंग नाही ना ते बघा, आणि एकदा किटलीभर पाणी उकळून फेकून द्या.

घडीची किटली घेतलीच असेल तर निघायच्या सकाळी घाईत ओली बंद करू नका. कापडाने आतून पुसा, तोंड उघडं ठेवून अर्धा तास वाळवा आणि मगच दाबा, नाहीतर घड्यांमध्ये अडकलेल्या पाण्याचा कुबट वास पुढच्या मुक्कामी पहिल्याच चहात येतो. वायर किटलीभोवती घट्ट गुंडाळू नका, वेगळ्या पिशवीत सैल वेटोळं करून ठेवा, कारण ती पिनेपाशीच तुटते. खरेदी करताना वायर सुटी निघते का ते बघून घेतलेलं असेल तर निदान ती बदलता तरी येते.